लॅक्रॉसचं पंच व्हायचंय: सुरुवात कुठून करायची, वर कसं जायचं?

अबोली
नमस्कार मंडळी. क्रिकेटच्या पंचगिरीवर इथे धागे सापडले, लॅक्रॉसवर (जाळीच्या काठीने चेंडू झेलत-फेकत गोल करायचा खेळ) एकही नाही, म्हणून हा नवा.

आम्ही मेरीलँडला राहतो. थंडी ओसरली की इथल्या प्रत्येक मैदानावर जाळीच्या काठ्या घेतलेली पोरं दिसायला लागतात. थोरली हायस्कूलच्या मुलींच्या संघात आहे, धाकटा बारा वर्षांखालच्या क्लबात. बाहेर बसून सामने बघता बघता माझं लक्ष पंचांकडेच जास्त जायला लागलंय. कधी शिट्टी, कधी नुसता हात, कधी झेंडा टाकूनही खेळ चालूच. यंदा क्लबचं पत्र आलं की पंच कमी पडताहेत, सामने पुढे ढकलावे लागताहेत, पालकांपैकी कुणी शिकायला तयार असेल तर कळवा. तेव्हापासून डोक्यात घोळतंय.

मी लॅक्रॉस कधी खेळलेले नाही. कॉलेजात खो-खो आणि हॉकी खेळले, धावणं अजून सुटलेलं नाही. वय पंचेचाळीसच्या पुढे. न खेळलेल्या माणसाला कुणी उभं करतं का? मुलांचे सामने घ्यावेत की मुलींचे? आणि ज्यांनी हे मनापासून केलंय त्यांना विचारायचंय, की यात वर जायचं म्हणजे नक्की काय करायचं असतं? परीक्षा देत जायचं, ओळखी लागतात, की नुसती वर्षं भरायची?

शिट्टीवाला
अबोलीताई, धागा काढलात हे फार बरं झालं. मी न्यू जर्सीत मुलांचे सामने घेतो, हायस्कूलचे आणि एनसीएए या कॉलेज क्रीडा संघटनेच्या तिसऱ्या विभागातल्या कॉलेजांचे.

न खेळलेले चालतात का? पळतात! आमच्याकडच्या चांगल्या पंचांत फुटबॉलवाले आहेत, आइस हॉकीवाले आहेत, ज्यांनी कुठलाच खेळ धड खेळला नाही असेही आहेत. खेळून आलेल्या नव्या पंचाची नजर सारखी चेंडूमागे धावते, कारण सगळं आयुष्य त्याने तेच केलेलं असतं. पंचाला चेंडू सोडून दुसरीकडे बघायला शिकावं लागतं. तुम्हाला ती सवय मोडावी लागणार नाही.

सुरुवातीची पायरी अशी. यूएसए लॅक्रॉस ही इथली राष्ट्रीय संघटना (२०२१ पर्यंत नाव यूएस लॅक्रॉस होतं). तिचं मुख्यालय तुमच्याच मेरीलँडमध्ये, स्पार्क्सला आहे. तिथे पंच म्हणून सभासद व्हायचं. पार्श्वभूमी तपासणी होते, मुलांच्या सुरक्षिततेचा सेफस्पोर्ट अभ्यासक्रम पुरा करावा लागतो, मग नियमांचे ऑनलाइन धडे आणि चाचणी. हे घरबसल्या होतं. खरं शिक्षण तुमच्या भागातल्या पंचांच्या संघटनेत. त्यांचे वर्ग हिवाळ्यात भरतात, कारण हंगाम वसंतात. वर्गानंतर मैदानावरचा सराव, बहुतेक वेळा कुठल्यातरी क्लबच्या सराव सामन्यात. हायस्कूलचे सामने घ्यायचे तर राज्याच्या शालेय क्रीडा संघटनेकडे वेगळी नोंदणी लागते, तिची चाचणी वेगळी.

सामने वाटून देणाऱ्याला असाइनर म्हणतात. त्याच्याकडे तुमचं नाव गेलं की मोकळ्या तारखा कळवायच्या. एक गोष्ट पहिल्या दिवसापासून पाळा: घेतलेला सामना आयत्या वेळी परत करायचा नाही. असाइनरच्या लक्षात कोण किती हुशार हे नंतर राहतं, कोण दगा देत नाही हे आधी.

वर जायचा क्रम ढोबळ मानाने असा, की दहा-बारा वर्षांखालची मुलं, मग चौदा, मग हायस्कूलचे ज्युनियर व्हर्सिटी (दुसरा संघ), मग व्हर्सिटी (मुख्य संघ), मग बाद फेरी. तिथून कॉलेजचे क्लब संघ, एनसीएएचा तिसरा विभाग, आणि पुढे पहिला. तुमच्या बाकीच्या प्रश्नावर सविस्तर लिहितो, आत्ता सामन्याला निघालोय.

तिरपागडा
घरी दोन मुलं म्हणजे पंचगिरी तुम्ही वर्षानुवर्षं करताच आहात. इथे निदान झेंडा मिळेल. :)

सईची_आई
मुलं की मुली या प्रश्नावर मी लिहिते, कारण मी मुलींचे सामने घेते.

ताई, हे दोन वेगळे खेळ आहेत असंच समजा. मुलांकडे दहा खेळाडू, हेल्मेट, खांद्याला पॅड, अंगावर जाणं नियमात बसतं. मुलींकडे बारा खेळाडू, डोळ्यांवर गॉगल, अंगाला अंग भिडवून अडवायला मुभा नाही. डोक्याभोवती सात इंचांचा एक अदृश्य गोळा धरलेला असतो, त्यात प्रतिस्पर्ध्याची काठी शिरली की फाउल. खेळ सुरू करताना चेंडू कुणाचा हे ठरवायला मुलांकडे फेसऑफ, मुलींकडे उभ्याने घेतलेला ड्रॉ. तुमच्या लेकीच्या सामन्यात पंचांच्या खिशात हिरवं, पिवळं आणि लाल कार्ड असतं; मुलांच्या पंचांकडे कार्डं नसतात, शिक्षा तीस सेकंदांपासून तीन मिनिटांपर्यंत बाहेर बसायची. नियमपुस्तकं निराळी, उभं राहायच्या जागा निराळ्या. काही जण दोन्ही करतात, पण सुरुवातीला एकच धरा.

तुम्हाला कुठला खेळ शोभेल हे कळायला एक नमुना सांगते. मुलींच्या खेळात 'शूटिंग स्पेस' नावाचा फाउल आहे. हल्ला करणारी मुलगी चेंडू घेऊन गोलसमोरच्या आठ मीटरच्या कमानीपाशी आली, तिची नजर गोलवर गेली. तिच्या काठीपासून गोलच्या दोन खांबांपर्यंत मनातल्या मनात दोन रेषा ओढा. त्या दोन रेषांच्या मधल्या जागेत बचाव करणारी मुलगी उभी आहे, आणि तिच्या काठीच्या अंतरावर प्रतिस्पर्धी कुणी नाही. झाला फाउल. तिने कुणाला हात लावलेला नाही, काठी उगारलेली नाही, ती फक्त चुकीच्या जागी उभी आहे. बाहेरून बघणाऱ्यांना वाटतं की पंचाने उगाच शिट्टी वाजवली. पण त्या क्षणी चेंडू सुटला तर तो थेट तिच्या अंगावर येणार असतो, आणि तिच्या डोक्यावर हेल्मेट नसतं. ही शिट्टी फाउल करणाऱ्या मुलीलाच वाचवायला असते. हे ओळखायला तीन गोष्टी एकाच वेळी दिसाव्या लागतात: चेंडूवालीचे खांदे कुठे वळलेत, बचाववाली कुणाला धरून आहे, आणि ती तिथून नुसती पळत चाललीय की थांबलीय. मला या खेळाची ओढ लागली ती याच एका नियमामुळे. पंचाने वेळेवर बघितलं म्हणून काही घडलं नाही, यासारखं समाधान नाही.

अबोली
सईची_आई, लेकीच्या विरुद्ध ही शिट्टी वाजली की मी दर वेळी चिडायचे! आता समजलं. मुलींचाच खेळ घ्यावा असं वाटतंय. पण लेक खेळते त्या शाळेचे सामने मला देतील का?

सईची_आई
नाही, आणि तुम्ही घेऊही नका. नातं असलेल्या शाळा-क्लबांची नावं असाइनरला आधीच कळवायची असतात. तुम्हाला त्या सामन्यांत सुखाने आई म्हणून बसता येईल.

गोलरेषा
मध्येच विषय काढतो, पण इथल्या अनेकांच्या कामाचा आहे. मी एच-वन-बी व्हिसावर आहे. पंचांना मानधन मिळतं, ते मला घेता येईल का?

शिट्टीवाला
गोलरेषा, घेता येणार नाही. एच-वन-बीवर ज्या कंपनीने अर्ज केलाय तिचंच काम करता येतं. पंच हा कागदोपत्री स्वतंत्र कंत्राटदार असतो, वर्षाअखेरीला १०९९ हा मिळकतीचा कर-फॉर्म येतो, म्हणजे ते सरळ सरळ दुसरं काम झालं. एच-फोरवर (जोडीदाराच्या व्हिसावर) असाल तर ईएडी, म्हणजे कामाचा परवाना हवा. एफ-वनवाल्या विद्यार्थ्यांनाही कॅम्पसबाहेर परवानगीशिवाय नाही. ग्रीन कार्ड असलं की प्रश्न मिटला. मानधन न घेता केलं तर चालेल का, असं पुढे कुणी विचारेलच. ते इमिग्रेशनच्या वकिलाला विचारल्याशिवाय करू नका, धाग्यावरच्या सल्ल्यावर व्हिसा टांगू नका.

ग्रीन कार्डवाल्यांसाठी: मिळकत स्वयंरोजगारात दाखवावी लागते, गाडीचे मैल, गणवेश, सभासद फी हा खर्च त्यातून वजा होतो. मैलांची नोंद पहिल्या सामन्यापासून ठेवा.

गोलरेषा
धन्यवाद. कार्ड येईपर्यंत नियमपुस्तक पाठ करतो. रांग बघता सगळ्या आवृत्त्या पाठ होतील.

रानवारा
शिट्टीवाल्यांनी दिलेला क्रम बरोबर आहे, पण त्यातून जे सुचतं ते मला पटत नाही. बारा वर्षांखालच्यांचे सामने म्हणजे उमेदवारी, ती संपवून वर पळायचं, असं सगळीकडे चालतं. त्याचा परिणाम काय? ज्या सामन्यांत मुलांना नियम माहीत नसतात, काठ्या ताब्यात नसतात, जिथे पंचाची सगळ्यात जास्त गरज आहे, तिथे सगळ्यात कच्चा पंच उभा असतो. बारा वर्षांखाली बॉडी चेक (अंगाने धडक देऊन अडवणं) नाही, पण मुलं मोठ्यांचे सामने बघून तेच करायला जातात. त्यांना थांबवून 'बाळा, काठी दोन हातांत धरून पुढे ढकलायची नाही, हे असं कर' असं सांगणारा पंच लागतो. तो तुम्हाला शनिवारी सकाळी मिळणार नाही, कारण तो दुपारच्या मोठ्या सामन्यासाठी पाय राखून ठेवतोय.

मी कोलोरॅडोत बरीच वर्षं लहान मुलांचेच सामने घेतो आणि वर जायची मला हौस नाही. अबोलीताई, 'वर जाणं' हे एकच ध्येय ठेवू नका.

तिरपागडा
+१. माझ्या भाच्याला एका पंचांनी सामना थांबवून हेल्मेटचा पट्टा नीट बांधून दिला होता. निकाल कुणाला आठवत नाही, पट्टा आठवतो.

शिट्टीवाला
रानवारा, तुमच्या म्हणण्याला मान देऊनच थोडा वाद घालतो. लहान मुलांना चांगला पंच हवा हे शंभर टक्के मान्य. पण तो चांगला होतो कुठे? वेगवान सामन्यात, आपल्याहून अनुभवी जोडीदाराबरोबर. मी स्वतः अजूनही रविवारी बारा वर्षांखालचे सामने घेतो, आणि ते मला आधीपेक्षा चांगले घेता येतात ते कॉलेजच्या सामन्यांत जे शिकलो त्यामुळेच. वर जावं आणि खाली येत राहावं.

आता अबोलीताईंच्या मूळ प्रश्नाकडे, म्हणजे वर नेतं काय.

परीक्षा लागतात, पण त्या फक्त दार उघडतात. नियम सगळ्यांनाच येतात. निवड होते ती उभं राहण्याच्या जागेवरून. दोन पंचांच्या सामन्यात ज्या गोलवर हल्ला चाललाय तिकडे एक जण गोलरेषेच्या बाजूला असतो, तो लीड. दुसरा मागे मध्यरेषेच्या बाजूला, तो ट्रेल. चेंडू उलटला की भूमिकाही उलटतात, ट्रेल होता तो नवा लीड होऊन दुसऱ्या गोलकडे सुसाट. मैदान ११० यार्ड लांब आहे. तरणी पोरं चेंडू घेऊन पळताहेत आणि तुम्हाला त्यांच्या आधी गोलपाशी पोचायचंय. जो पंच चेंडू उलटल्यावर निघतो तो पोचत नाही. जो बचाववाल्याचे खांदे वाकलेले बघून, चेंडू जमिनीवर पडता पडता निघतो, तो पोचतो. गोल झाला की नाही हे रेषेवरून सांगितलेलं प्रशिक्षक मान्य करतात. तेच चाळीस यार्डांवरून बरोबर सांगितलंत तरी कुणी ऐकत नाही.

पंचांची पारख करणारा ऑब्झर्व्हर येऊन बसतो तेव्हा तो हेच बघत असतो. किती फाउल पकडले हे तो मोजत नाही. शिट्टीच्या आधी तुम्ही कुठे होता, शिट्टीनंतर गुणलेखकाच्या टेबलाकडे जाऊन रंग, क्रमांक, गुन्हा, वेळ हे शांतपणे सांगितलंत का, प्रशिक्षक ओरडत असताना जोडीदाराची बाजू धरलीत का, आणि मध्यंतरात तो जे बोलला ते दुसऱ्या अर्ध्यात करून दाखवलंत का. या शेवटच्या गोष्टीवर माणसं वर जातात. ऐकून घेणारे पुष्कळ असतात, पण त्याच दिवशी बदलणारे फार थोडे.

रानवारा
खाली येत राहणारे पंच असतील तर माझी तक्रारच नाही. तुमच्यासारखे कमी आहेत एवढंच.

आणि झेंडा टाकूनही खेळ चालू, हे अबोलीताईंनी लिहिलंय त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. मुलांच्या खेळातलं सांगतो. हल्ला करणाऱ्याकडे चेंडू आहे आणि बचाववाल्याने त्याच्या हातावर काठी मारली. तिथेच शिट्टी वाजवली तर फायदा मारणाऱ्याचा, कारण गोलची संधी गेली. म्हणून पंच पिवळा झेंडा हवेत टाकतो, 'फ्लॅग डाउन' असं मोठ्याने ओरडतो आणि शिट्टी तोंडात धरून थांबतो. हल्ला चालू राहतो. गोल झाला किंवा संधी संपली की शिट्टी. गोल झाला आणि फाउल तांत्रिक असेल तर शिक्षा माफ. स्लॅशसारखा (काठीचा फटका) वैयक्तिक असेल तर गोलही मिळतो आणि मारणारा बाहेरही बसतो. त्या चार-पाच सेकंदांत पंचाच्या डोक्यात फाउल करणाऱ्याचा क्रमांक पक्का राहिला पाहिजे, आणि पुढे चाललेला खेळही दिसला पाहिजे. नवे पंच क्रमांक मोठ्याने पुटपुटत पळतात, ती चांगली युक्ती आहे.

विदुला
विषयांतर करू का थोडं? लॅक्रॉस २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आहे, आणि तो निर्णय झाला कुठे, तर आपल्या मुंबईत! ऑक्टोबर २०२३ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं अधिवेशन तिथे भरलं होतं. क्रिकेट आल्याच्या आनंदात आपल्याकडे लॅक्रॉसचं नाव कुणी घेतलंच नाही. खरं तर पदकांचा खेळ म्हणून तो १९०४ आणि १९०८ ला होऊन गेलाय.

तिथे खेळतील तो प्रकार मात्र 'सिक्सेस', सहा-सहा जणांचा. आठ मिनिटांचे चार भाग, शॉट घ्यायला तीस सेकंद, मैदान लहान. २०२२ च्या अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या वर्ल्ड गेम्समध्ये मी तो बघितला. गोलनंतर फेसऑफ नाही, गोलकीपरच चेंडू काढून देतो, त्यामुळे पंचांना श्वास घ्यायला उसंत नाही.

मैदानी
विदुलाताई, ऑलिंपिकचं निघालंच आहे तर हेही सांगायला हवं. हा खेळ मुळात उत्तर अमेरिकेच्या मूळ रहिवाशांचा. त्यांच्यातल्या हौडेनोशौनी लोकांसाठी तो आजही निर्मात्याने दिलेला खेळ आहे, औषधासारखा, आजारी माणसासाठीही खेळतात. १८६७ ला मॉन्ट्रियलचे दंतवैद्य विल्यम जॉर्ज बीअर्स यांनी लिखित नियम बांधले, तिथून आजचा खेळ. त्या हौडेनोशौनींचा स्वतःचा राष्ट्रीय संघ जागतिक स्पर्धांत खेळतो, २०२३ ला सॅन डिएगोलाही खेळला. २०१० ला मँचेस्टरच्या जागतिक स्पर्धेला मात्र त्यांना जाता आलं नाही, कारण त्यांच्या स्वतःच्या पासपोर्टवर ब्रिटनने प्रवेश दिला नाही. ऑलिंपिकमध्ये स्वतःच्या झेंड्याखाली उतरायचं तर राष्ट्रीय ऑलिंपिक समिती लागते, आणि ती त्यांच्याकडे नाही. ज्यांनी जगाला खेळ दिला त्यांनाच दारात अडवायचं, हे माझ्या मनाला अजिबात पटत नाही.

नव्या पंचांनी हा इतिहास वाचावा. काठीला हात लावायच्या आधी ती कुणाची हे माहीत असावं.

सईची_आई
मैदानी, मनापासून सहमत.

जागतिक स्पर्धांचा उल्लेख आलाय म्हणून सांगते. वर्ल्ड लॅक्रॉस या जागतिक संघटनेच्या स्पर्धेत पंच म्हणून जायचं तर आपल्या देशाच्या संघटनेने नाव सुचवावं लागतं. तिथे पंच अनेक देशांतून घेतात, म्हणून अमेरिकेच्या वाट्याला जागा मोजक्याच, आणि त्या जागांसाठी रांगेत पहिल्या विभागातले पंच उभे असतात. २०२२ ची महिलांची स्पर्धा टाउसनला झाली, मेरीलँडमध्येच. तिथले पंच बघायला मी मुद्दाम गेले होते. भाषा वेगळी, देश वेगळे, पण तीन जणी एकमेकींकडे न बघता जागा बदलत होत्या.

काठीचा_धाक
मी न्यूयॉर्कमध्ये कॉलेजात आहे, हायस्कूलपासून लहान मुलांचे सामने घेतोय. इथे सगळे नियमांबद्दल बोलताहेत, पालकांबद्दल कुणीच नाही? मी पंधरा-सोळा वर्षांचा असताना मोठी माणसं कुंपणापलीकडून जे बोलायची ते लिहिता येणार नाही. माझ्याबरोबर शिकलेल्या मुलांपैकी बरीच पहिल्या-दुसऱ्या हंगामात सोडून गेली. पंच कमी का आहेत याचं उत्तर माझ्या मते हेच आहे.

एका सामन्यात आमच्या मुख्य पंच बाईंनी प्रशिक्षकाला बोलावलं आणि आवाज न चढवता सांगितलं, 'तो माझा जोडीदार आहे, शाळेत शिकतो. तुमच्या बाजूचं कुंपण शांत झालं की खेळ सुरू होईल.' आणि त्या खरोखरच चेंडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. सगळं मैदान गप्प. मी अजून शिट्टी वाजवतोय ते त्यांच्यामुळे.

अबोली
वाचून वाईट वाटलं रे. आणि त्या बाईंना नमस्कार. आमच्या क्लबातही काही पालक असंच बोलतात. आता मी त्यांच्यात बसून ऐकून घेणार नाही, पंच होवो न होवो.

शिट्टीवाला
काठीचा_धाक, टिकलास याचं कौतुक आहे. सगळ्यांसाठी: प्रेक्षकांशी पंचाने थेट बोलायचं नसतं. मार्ग प्रशिक्षकाचा किंवा मैदानाच्या व्यवस्थापकाचा. त्या बाईंनी नेमकं तेच केलं. आणि लहान वयाच्या पंचाला एकट्याने पाठवायचं नाही, हे प्रत्येक संघटनेने पाळायला हवं. ज्या संघटना पहिल्या हंगामात अनुभवी जोडीदार देतात तिथे मुलं टिकतात.

रानवारा
प्रशिक्षकांबद्दलही एक. मुलांच्या सामन्याआधी पंच प्रशिक्षकाला विचारतो, तुमचे सगळे खेळाडू नियमाप्रमाणे सज्ज आहेत का? तो हो म्हणतो. हा नुसता उपचार आहे असं समजून उरकू नका. छातीवर चेंडू बसून हृदय थांबण्याचे प्रकार या खेळात झालेले आहेत, म्हणून २०२२ पासून मुलांच्या खेळात छातीच्या संरक्षणाचं ठरावीक प्रमाणपत्र असलेलंच पॅड लागतं. प्रशिक्षक हो म्हणाला तरी रांगेवरून नजर फिरवा. थोरल्या भावाचं जुनं पॅड घालून आलेलं एखादं पोर हमखास सापडतं. ते पॅड बदलल्याशिवाय त्याला आत घ्यायचं नाही, मग आई-वडील कितीही विनवोत.

तिरपागडा
एक भाबडा प्रश्न. फेसऑफला पंच 'डाउन', 'सेट' म्हणतो आणि मग शिट्टी. ती शिट्टी कधी पटकन येते, कधी रेंगाळते. असं का?

शिट्टीवाला
मुद्दाम. ताल ठरलेला असला की खेळाडू शिट्टी ऐकून निघण्याऐवजी अंदाजाने निघतात. म्हणून 'सेट' आणि शिट्टी यांतलं अंतर सतत बदलतं ठेवायचं. चांगला फेसऑफवाला पंचाच्या छातीकडे बघत असतो, श्वास कधी भरला जातो ते. त्यामुळे श्वास आधीच घेऊन ठेवायचा. पूर्वी एक गुडघा टेकून काठी जमिनीलगत धरायचे; कॉलेजच्या पुरुषांच्या खेळात २०२१ च्या हंगामापासून ते बंद झालं, आता उभ्याने वाकूनच.

अबोली
मंडळी, अपडेट द्यायला आले. सभासदत्व घेतलं, पार्श्वभूमी तपासणी झाली, सेफस्पोर्ट पुरं केलं. मुलींच्या पंचांच्या स्थानिक संघटनेचा वर्ग जानेवारीत सुरू होतोय, त्यात नाव घातलंय. लेकीने ऐकल्यावर पहिलं विचारलं, 'आमच्या शाळेला देणार नाहीत ना?' :)

रानवारांचं म्हणणं मनात राहिलंय. मी पहिली दोन-तीन वर्षं तरी लहान मुलींचेच सामने मागून घेणार आहे, आणि नंतर कुठवर जाता येतं ते बघेन. वर्गाआधी काय विकत घ्यावं आणि काय वाचावं, एवढंच आता सांगा.

सईची_आई
अभिनंदन ताई!

गणवेश आत्ता घेऊ नका, संघटना सांगेल तो आणि सांगेल तिथूनच घ्या. जुन्या सभासदांकडे जादा शर्ट असतातच. बूट मात्र चांगले घ्या, कृत्रिम गवतावर आणि चिखलात दोन्हीकडे चालतील असे. शिट्ट्या दोन हव्यात, बिनदाण्याच्या. फॉक्स ४० सगळीकडे मिळते. ती रॉन फॉक्सक्रॉफ्ट नावाच्या कॅनडाच्या बास्केटबॉल पंचानेच बनवली, कारण जुन्या शिट्टीतला दाणा ऐन सामन्यात अडकायचा. बोटात घालायची घ्या, गळ्यात लोंबणारी धावताना त्रास देते. घरी वाजवून बघा, कारण नव्यांची शिट्टी फार हळू येते. मोठ्या फाउलसाठी एक ठसठशीत, लांब. सीमेबाहेर गेलेल्या चेंडूसाठी आखूड. मुलींना शिट्टीवरूनच कळलं पाहिजे की काय झालं.

वाचायचं तर नियमपुस्तक पहिल्या पानापासून वाचत बसू नका, झोप येईल. मोठ्या फाउलचं प्रकरण काढा आणि लेकीच्या मागच्या हंगामाची एखादी चित्रफीत लावा. दर शिट्टीला थांबवून पुस्तकात तो नियम शोधा. मग तीच चित्रफीत पुन्हा लावा, आणि या वेळी चेंडूकडे अजिबात न बघता फक्त पंचांचे पाय बघा.

काठीचा_धाक
आणि पहिल्या सामन्याला जोडीदाराला आधीच सांगा की पहिलाच आहे. कुणी हसत नाही. मध्यंतरात दोन गोष्टी सांगतात, त्या लगेच वहीत उतरवा.

रानवारा
अबोलीताई, कोलोरॅडोला कधी स्पर्धेला आलात तर कळवा. शनिवारी सकाळी आठला मैदान तुमचंच.